किती फुटांवर निघायचं?

जुलै निम्मा सरला की कोल्हापुरात पावसाची चौकशी फुटांत होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ वर गेलं की धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. कितवा दरवाजा उघडला ही बातमी चहाच्या गाड्यावर आधी पोचते, वर्तमानपत्रात मागाहून. सांगलीत हेच मोजमाप कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चालतं. १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका.

आकड्यांशी इतकी घसट असलेल्या या दोन जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो कुटुंबं राहत्या घरात अडकली. नदी एका रात्रीत चढली नव्हती. पाऊस आठवडाभर कोसळत होता, धरणांचे विसर्ग जाहीर होत होते, पोलिसांच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या. तरी माणसं घरातच थांबली, कारण त्यांच्या डोक्यात दुसराच एक आकडा पक्का बसला होता. तो होता २००५ चा.

२००५ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, याची खूण कित्येक घरांच्या भिंतीवर होती. भिंतीवर नसली तर घरातल्या जाणत्यांच्या बोलण्यात होती. त्या वेळी पाणी ओट्याला लागून परत गेलं ना, मग आताही तेवढंच येईल, या हिशेबाने गहू-तांदळाची पोती पलंगावर चढली, गाद्या टेबलावर गेल्या आणि माणसं झोपली. सांगलीत २००५ ला ५३ फुटांच्या पुढे जाऊन थांबलेलं पाणी २०१९ ला ५७ फुटांच्या पुढे गेलं. साडेतीन-चार फूट ऐकायला किरकोळ वाटतात. सपाट वसलेल्या गावात तेवढ्याने आणखी किती तरी गल्ल्या भरतात आणि पलंगावर ठेवलेलं धान्य पलंगासकट जातं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पुन्हा ५५ फूट ओलांडले.

घराची आपत्तीसाठी तयारी म्हटलं की यादी पिशवीपासून सुरू होते: टॉर्च, मेणबत्ती, काडेपेटी, बिस्किटं. पिशवी हवीच. पण कृष्णा-पंचगंगेकाठच्या पुरांकडे पाहिलं तर माणसं अडकली ती टॉर्च नव्हता म्हणून नव्हे. कधी निघायचं हे आधी ठरलेलं नव्हतं आणि पाणी दारात आल्यावर ठरवायला कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तयारीतला सगळ्यात अवघड भाग हा एवढाच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मागच्या पुराची खूण दगा का देते, हे पूररेषांच्या हिशेबातून कळतं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यातल्या 'पंचवीस वर्षांतून एकदा'चा अर्थ बहुतेक जण असा लावतात की पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. नदीला असं काही माहीत नसतं. तिच्या दृष्टीने दर वर्षी शंभरात चार शक्यता, आणि मागच्या वर्षी काय झालं याची दखल नाही. याच हिशेबाने निळ्या रेषेवरच्या घरासाठी वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. लाल रेषेवरच्या घरासाठीही ती अठरा टक्क्यांच्या आसपास असते. दलाल फ्लॅट दाखवताना स्वयंपाकघराचा ओटा, वास्तू, पार्किंग सगळं दाखवतो. लाल रेषा दाखवल्याचं मात्र ऐकिवात नाही. ती विचारून घ्यावी लागते.

निघण्याचा निर्णय आधी कसा ठरवून ठेवायचा, याचा उत्तम नमुना याच भागात आहे आणि तो देवळात आहे. शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दत्ताचं मंदिर दर पावसाळ्यात पाण्यात जातं. पादुकांवरून वाहणारं पाणी दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं तेव्हा 'दक्षिणद्वार सोहळा' होतो आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. भक्तीचा भाग भक्तांपाशी. इथे पाहण्याजोगी आहे ती व्यवस्था. पाणी अमुक ठिकाणी आलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलते आणि पूजाअर्चा तिथे सुरू होते. त्या वेळी कुणी 'अजून थोडी वाट पाहू' म्हणत नाही, मागच्या वर्षी इतकं आलं नव्हतं म्हणून वाद घालत नाही. टप्पा ठरलेला, जागा ठरलेली, माणसं ठरलेली. काठावरच्या किती घरांत असं ठरलेलं असतं?

घराला हे करायला एक संध्याकाळ पुरते. आधी नदीच्या मोजपट्टीचं आणि आपल्या उंबऱ्याचं नातं शोधायचं. बंधाऱ्यावर अमुक फूट होते तेव्हा पाणी कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी होतं, अमुक फुटांना गावाबाहेर पडायचा रस्ता बंद झाला, अमुक फुटांना अंगणात आलं, हे गल्लीतल्या चार घरांत विचारलं की जुळतं. यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा रस्ता बंद होण्याचा. अनेक गावांत घर कोरडं असतानाच ओढ्यावरचा पूल बुडतो आणि गावाचं बेट होतं. म्हणून निघायचा आकडा अंगणावरून नाही, पुलावरून ठरवायचा, तोही दोन-तीन फूट हातचे राखून. समजा पूल ४३ फुटांना बुडतो. मग ३९ ला कागदपत्रं आणि औषधं बांधायची, ४० ला म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि लहान मुलं पाहुण्यांकडे पोचवायची, ४१ ला जनावरं आणि उरलेले सगळे. कागदावर लिहून हा हिशेब कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला की पुढे चर्चेला जागा उरत नाही.

चर्चा होतेच, आणि ती बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांशी होते. आजोबा म्हणतात, तुम्ही व्हा पुढे, मी घर राखतो. एखादा मुलगा म्हशींसाठी मागे राहतो. हा हट्ट समजण्यासारखा आहे. दुभती जनावरं हा त्या घराचा महिन्याचा पगार असतो आणि रिकाम्या घराची चोरांनाही खबर असते. म्हणून जनावरांची सोय आधी झाल्याशिवाय माणसं हलत नाहीत, हे धरूनच आखणी करावी लागते. कोल्हापूरजवळच्या आंबेवाडी आणि चिखलीसारख्या गावांत पहिल्या फेरीतच गुरं बाहेर निघतात ती याच अनुभवातून. आणि काहीच सोय झाली नाही, तर निदान दावी सोडून द्यायची. सुटं जनावर पोहून वाट काढतं. बांधलेलं गोठ्यातच बुडतं.

उशीर झाला की काय होतं, ते ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. गाव वेढलं गेल्यावर बाहेर पडण्यासाठी एका बोटीत क्षमतेहून जास्त माणसं बसली, बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्याच वाटेने काही दिवस आधी ती माणसं एसटीने बाहेर पडू शकली असती. दोष त्यांच्या माथी मारण्यासाठी हे सांगायचं नाही. पाणी चढत असताना चार दिवसांपूर्वीची सुरक्षित वाट कुणालाच नीट दिसत नाही, एवढंच त्यातून कळतं.

चिपळूणची गोष्ट आणखी वेगळी. कृष्णा दिवसांच्या हिशेबाने चढते, तिथली वाशिष्ठी तासांच्या. वर सह्याद्रीचा कडा, खाली खाडीची भरती, मध्ये बाजारपेठ. २२ जुलै २०२१ च्या पहाटे लोक जागे झाले तेव्हा खालच्या मजल्यांत पाणी होतं. एसटी आगारात पाणी शिरलं तेव्हा आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड तिथे होती. आगारप्रमुख आणि काही कर्मचारी ती घेऊन एका बसच्या टपावर चढले आणि आठ-नऊ तास पावसात तिथेच बसून राहिले. पैसे वाचले, माणसं वाचली. पण अशा गावात फुटांचा तक्ता पुरत नाही. तिथे हवामान खात्याच्या रंगावरच हलावं लागतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा, असा त्या रंगांचा अर्थ आहे. वाशिष्ठीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्याने नारिंगीला दुकानातला माल वर चढवायचा आणि लाल असेल त्या रात्री वरच्या मजल्यावर झोपायचं. दहा वेळा फुकट जिने चढावे लागतील. अकराव्या वेळची खात्री कुणी द्यायची?

आता घरातल्या वस्तूंकडे. सर्वांत आधी गॅस. स्वयंपाकाची टाकी जड असते, ती कुठे जाते, असा समज आहे. पण १४.२ किलो गॅसच्या टाकीत पाणी भरलं तर ३३ लिटरहून थोडं जास्त मावतं, आणि गॅससकट तिचं वजन तीस किलोच्या आसपास असतं. म्हणजे तिच्यामुळे बाजूला सरणारं पाणी तिच्याहून जड. भरलेली टाकीसुद्धा तरंगते, रिकामी तर तरंगतेच. तरंगताना रबरी नळी ओढली जाते, रेग्युलेटर निसटतो आणि गॅस सुटतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागाला धरून साचतो. म्हणून निघताना रेग्युलेटर काढायचा, टाकीवर सुरक्षा झाकण बसवायचं आणि ती खिडकीच्या गजाला दोरीने आवळून बांधायची. परतल्यावर वास आला तर काडी, बटण काहीही न चालवता दारं उघडायची आणि १९०६ वर फोन करायचा.

विजेचं असंच. मेन स्विच बंद करायचा तो पाय कोरडे असताना. गुडघाभर पाण्यात उभं राहून नाही. आणि मेन स्विच बंद केला की घर मेलं असं नाही. इन्व्हर्टर कोपऱ्यात गुणगुणत तारांना वीज पुरवत असतो. तो वेगळा बंद करावा लागतो, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. बॅटरी बहुतेक घरांत जमिनीलगत असते. पूररेषेतल्या घरांनी ती आणि मीटर नवीन बसवतानाच छातीच्या वर घ्यायला हवेत. गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र भरून ठेवायची, प्यायलाही आणि वाऱ्यात उडू नये म्हणून वजनासाठीही. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, रायगडच्या किनाऱ्यावर पत्र्यांबरोबर जे काही हलकं होतं ते सगळं उडालं. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून बसवली की गटाराचं पाणी उलटं घरात येत नाही. हा उपाय दिसायला ओंगळ, पण पूर ओसरल्यावर ज्यांना घर धुवावं लागलंय त्यांना त्याची किंमत विचारावी.

पुरात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो पाण्याचा. २०१९ ला कोल्हापूर पाण्याने वेढलेलं होतं आणि नळ कोरडे होते, कारण शहराला पाणी उपसून देणारे पंपच बुडाले होते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि टँकर, दूध, भाजी, पेट्रोल सगळंच अडलं. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज तीन-चार लिटर धरले, तर चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी चाळीस-पन्नास लिटर लागतात. कळश्या-पातेली नव्हेत, झाकणाचे कॅन हवेत, म्हणजे उचलून वर नेता येतात. साठा संपला तर गढूळ पाणी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून खळखळून उकळायचं. इंधन नसेल तर आशाताई देतात ते मेडिक्लोरचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि मग अर्धा तास थांबायचं.

खाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला कुणाकडून शिकायची गरज नाही. कोकणात पावसाआधी आगोटीचा बाजार करायची रीतच होती: सुकी मासळी, मीठ, मिरची, कांदे, पापड, चार महिन्यांचं सगळं घरात. हातात मोबाइल आणि खाली किराणा दुकान आल्यापासून ती मोडली. चूल पेटणार नाही असं धरून शेंगदाणे, गूळ, खजूर, फुटाणे, भाजकं पीठ हवं. सांगली-जयसिंगपूरकडच्या माणसाला भडंग हा आपत्कालीन साठा असल्याचं पटवावं लागत नाही; अडचण एवढीच की तो पूर येईपर्यंत टिकत नाही.

कागदपत्रांचं ओझं आता पूर्वीइतकं उरलेलं नाही. आधार, गाडीचा परवाना, आरसी डिजिलॉकरवर असतात, सातबारा डिजिटल सहीचा मिळतो. पण रजिस्ट्री केलेलं खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जुन्या वाटणीपत्राची मूळ प्रत पुन्हा मिळवणं सोपं नसतं. ती एका जाड प्लॅस्टिकच्या, वर चिमटा असलेल्या पिशवीत आणि ती पिशवी सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच जागी. त्याच पिशवीत थोडी रोकड, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. वीज आणि नेटवर्क गेल्यावर क्यूआर कोड हे नुसतं चित्र असतं. रोजची औषधं किमान आठ-दहा दिवसांची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिज बंद पडला तरी लगेच वाया जात नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीत ठेवलं तर ते सुमारे चार आठवडे वापरता येतं. कुपीवरच्या सूचना तेवढ्या वाचून घ्यायच्या. उन्हात किंवा बर्फात मात्र खराब होतं.

आणि निरोप. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटीमुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. गावातून फोन करायला कुणी उरलंच नव्हतं. आपण कुठे आहोत हे रोज माहीत असणारं बाहेरचं कुणीतरी हवं, ही त्यातून घेण्याजोगी गोष्ट. घरापुरतं ते सोपं आहे. दुसऱ्या जिल्ह्यातला एक नातेवाईक नक्की करायचा, नागपूरची मावशी म्हणा, नाशिकचा काका म्हणा. घर विखुरलं तर प्रत्येकाने एकमेकांना शोधत न बसता त्या एकाच ठिकाणी 'मी शाळेत आहे, बरा आहे' एवढा निरोप टाकायचा. गर्दीत अडकलेल्या नेटवर्कवर बोलणं होत नाही तेव्हाही छोटा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. मावशींचा नंबर पोरांना पाठ हवा, कारण फोन बंद पडला की त्यातले सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे त्याच कागदावर.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुलाब्यात तो शंभर मिलिमीटरसुद्धा नव्हता. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून माणसं नेहमीसारखी घरी निघाली आणि थेट त्या पाण्यात गेली. शहरी घराची तयारी म्हणजे बरेचदा 'आज निघायचं नाही' हा निर्णय असतो. मुलाला शाळेतून कुणी आणायचं, आईवडील दोघं अडकले तर शेजारच्या कुठल्या काकू नेतील, हे शाळेला लिहून दिलेलं असावं. त्या दिवशी काही जण बंद गाड्यांत गुदमरून गेले. पाण्याने विजेवर चालणाऱ्या काचा अडल्या आणि दारं उघडेनात. पाणी दाराच्या निम्म्यावर यायच्या आत काच खाली करून बाहेर पडायचं. तेही जमलं नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार काही मारायचं. समोरची काच थरांची असते, ती फुटून वाट देत नाही.

हे सगळं निदान थोडीफार सूचना देणाऱ्या संकटांचं. किल्लारीच्या भूकंपाला ती नव्हती. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. बळींचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. भूकंपासाठी घराची तयारी ही मुख्यतः बांधकामातच होते: भिंतींना बांधून धरणारे पट्टे, हलकं छप्पर, कोपऱ्यांची पकड. ती एका संध्याकाळची गोष्ट नाही. एका संध्याकाळात जमतं ते एवढंच की लोखंडी कपाट पट्टीने भिंतीला आवळायचं आणि पलंगाच्या वरच्या माळ्यावर रचलेली लग्नकार्याची पितळी पातेली खाली उतरवायची. इथे एक पेच आहे. पूर सांगतो जड सामान वर चढवा, भूकंप सांगतो खाली ठेवा. पाटण-चिपळूणच्या पट्ट्याला, जिथे १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला आणि जिथे पूरही येतो, दोन्ही ऐकावं लागतं. तिथे धान्य आणि कपडे माळ्यावर, पितळ आणि टीव्ही नाही, आणि माळ्याखाली कुणी झोपायचं नाही.

दरडींचं पूर आणि भूकंप यांच्या मधलं आहे. त्या अचानक कोसळतात, पण डोंगर काही दिवस आधी कुरकुरतो. जमिनीला नवी भेग, तिरकी झालेली झाडं किंवा विजेचे खांब, नितळ झऱ्याला एकाएकी लाल पाणी किंवा वाहता झरा आटणं, नीट लागणारी दारं चौकटीत अडकू लागणं. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्री गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचं नाव नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहण्यापेक्षा पावसाच्या दिवसांत गुराख्यांना वर काय दिसलं ते रोज विचारणारं घर जास्त सावध.

पूर ओसरल्यावर घरी परतायची घाई होते आणि याच दिवसांत टाळता येण्यासारखी दुखणी होतात. काठीने चाचपत आत जायचं, कारण घोणस आणि नागही कोरड्या जागेच्या शोधात माळ्यावर आलेले असतात. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही न करता सरळ प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. चिखल काढताना गमबूट हवेत. उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टो पायाच्या छोट्याशा जखमेतून शिरतो, म्हणून आरोग्य खातं या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतं. त्या कशा आणि कुणी घ्यायच्या ते डॉक्टरांनाच विचारायचं. विहीर उपसून टीसीएल टाकल्याशिवाय तिचं पाणी प्यायचं नाही. भिजलेला फ्रिज, मिक्सर, पंप वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायचा नाही. बुडालेल्या गाडीला तर किल्लीच लावायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो, आणि तुम्ही किल्ली फिरवल्याने झालेलं नुकसान म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते.

घर धुवायच्या आधी फोटो काढायचे. भिंतीवरच्या पाण्याच्या ओल्या रेषेसकट प्रत्येक खोली, भिजलेलं धान्य, फ्रिजवरचा क्रमांक. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत चिखलात बसता येत नाही, आणि साफ केलेल्या घराचा पंचनामा हलका होतो. सरकारी सानुग्रह मदतीतून घर पुन्हा उभं राहत नाही, चार दिवसांची चूल पेटते. त्यापलीकडचा आधार विम्याचा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर, वादळ, भूकंप, दरड सगळं येतं. घराच्या विमारकमेच्या २० टक्क्यांइतकं, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातलं सामान वेगळी यादी न देता त्यात धरलेलं असतं. दागिने हवे असतील तर ते किमतीसह वेगळे लिहून द्यावे लागतात. रक्कम ठरते ती बांधकाम पुन्हा करायच्या खर्चावर, जागेच्या बाजारभावावर नाही, त्यामुळे हप्ता ऐकून वाटतो त्यापेक्षा कमी बसतो. गाडीचा विमा दर वर्षी न चुकता भरणाऱ्या घरांतही ही पॉलिसी क्वचितच सापडते. ती घ्यायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर न थांबता उन्हाळ्यातच घ्यावी.